लिलाव फोनवर, रांग दारात

पहिल्या वर्षी आम्ही आमचं सायलेंट ऑक्शन, म्हणजे बोली ओरडून न लावता लिहून लावायचा लिलाव, मोबाइलवर नेलं तेव्हा कमिटीत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आता कागद नाही, पेन नाही, म्हणजे निम्मं काम संपलं. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग कार्यक्रमाच्या दिवशी दार उघडलं आणि वीस मिनिटांत बाहेर ही भलीमोठी रांग. प्रत्येक जण दारातच उभा राहून ॲप डाउनलोड करतोय, कुणाला पासवर्ड आठवत नाहीये, कुणाच्या फोनमध्ये जागाच नाही म्हणून तो तिथेच उभ्या उभ्या जुने फोटो डिलीट करतोय, ओटीपी येता येत नाहीये, आणि आमची एक व्हॉलंटियर हातात टॅब घेऊन एकेकाला ईमेलचं स्पेलिंग विचारतीये. मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो निदान आत तरी सोडा, बोली नंतर लावतो की!"

रात्री लिलाव संपल्यावर तीच रांग परत लागली, फक्त यावेळी आतून बाहेर, वस्तू घ्यायला. मधले दोन तास सगळं झकास चाललं होतं हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

त्यानंतर अजून तीनदा हे काम माझ्या गळ्यात पडलंय (एकदा केलं की ते तुमचंच होतं, हे आधी कुणी सांगत नाही) आणि मला एवढं कळलंय की या सगळ्या प्रकाराला दोनच चिंचोळ्या जागा आहेत, एक दार आणि एक शेवट, गर्दी तिथेच तुंबते आणि जी काही तयारी करायची ती या दोन जागांसाठी करायची.

ज्यांनी जुना प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलावर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीसमोर एक कागद, पेन दोरीने बांधलेलं, आणि तुम्ही आधीच्या आकड्याखाली आपला वरचा आकडा लिहायचा. "एक वार, दोन वार, तीन वार" नाही की आरडाओरडा नाही, म्हणून सायलेंट. गंमत अशी की शेवटच्या पाच मिनिटांत लोक कागदाला अक्षरशः पाठ लावून उभे राहायचे, म्हणजे दुसऱ्याला लिहायलाच जागा नको. फोनवर तेच सगळं होतं, फक्त तुमच्या वरची बोली आली की मेसेज येतो आणि तुम्ही गप्पा मारता मारता परत लावू शकता. मोबाइलचा खरा फायदा हाच, लोकांना टेबलाजवळ घुटमळावं लागत नाही.

आता दार. दारातली रांग टाळायचा उपाय दारात नसतोच, तो आठवडाभर आधी लोकांच्या घरी असतो. आता आम्ही कार्यक्रमाच्या साधारण आठ दिवस आधी सगळ्यांना लिंक पाठवतो, त्यावर नाव, नंबर आणि पैसे भरायची माहिती आधीच भरून घेतो, आणि शेवटचे दोनतीन दिवस बोली उघडीच ठेवतो. बोली आधी उघडली की लोक आपणहून रजिस्टर करतात, नुसतं "कृपया रजिस्टर करा" असं दहा वेळा पाठवून कुणी करत नाही, कारण करून पुढे पाहायला काही नसतं. एखादी चांगली वस्तू आधी दाखवली की बघा कसे पटापट येतात. जे येऊ शकणार नाहीत तेही घरबसल्या बोली लावतात, तो बोनस. आणि एक, ॲप डाउनलोड करायला लावणारी सिस्टिम शक्यतो घेऊच नका, ब्राउझरमध्ये नुसत्या लिंकवर उघडणारी घ्या. एका संध्याकाळसाठी फोनमध्ये नवीन ॲप टाकायला लोकांच्या जिवावर येतं आणि त्यांचं चूक नाहीये.

तरीही पाचसहा जण काहीच न करता येतातच. त्यांच्यासाठी दारापासून लांब, बाजूला एक टेबल ठेवायचं, दोन व्हॉलंटियर बसवायचे. लांब हा शब्द महत्त्वाचा आहे. मुख्य प्रवेशाच्या रांगेत हे काम कधीच करायचं नाही.

वायफायबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण दुसऱ्या वर्षी आमची वाट तिथेच लागली. आदल्या दिवशी हॉलवर जाऊन आम्ही चेक केलं होतं, रिकाम्या हॉलमध्ये स्पीड मस्त, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी माणसं भरली आणि निम्म्या लोकांचं कनेक्शन लागेना. नंतर एका माहितगार मित्राने समजावलं तेव्हा कळलं की स्पीडचा प्रश्नच नव्हता. साध्या सेटिंगमध्ये राउटर आपल्या नेटवर्कवर जास्तीत जास्त २५४ पत्ते (म्हणजे जोडलेल्या प्रत्येक फोनला मिळणारा एकेक नंबर) वापरू शकतो, त्यातला एक स्वतःकडे ठेवतो, आणि एकदा दिलेला पत्ता ठरलेली मुदत संपेपर्यंत त्या फोनच्याच नावावर राहतो, ही मुदत बऱ्याचदा २४ तासांची असते. म्हणजे सकाळी सजावटवाले आले, साउंडवाले आले, त्यांच्यासोबतची चार पोरं आली, सगळ्यांनी वायफायला फोन जोडले, आणि ते निघून गेले तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच. त्यात आजकाल एकेका माणसाकडे फोन आणि घड्याळ दोन्ही. म्हणजे पाहुणे दीडशे असले तरी सकाळचे सगळे धरून पत्ते कधी संपले ते आम्हाला कळलंच नाही! उपाय एकदम साधा निघाला, हॉलच्या माणसाला सांगून ही मुदत एकदोन तासांवर आणायची आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क मागायचं. शिवाय माणसाचं शरीर स्वतःच सिग्नल शोषतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमधल्या टेस्टला तसा फार अर्थ नसतो. आणि वायफायला जोडल्यावर जे एक पान उघडतं ना, "अटी मान्य आहेत" वालं, ते बंद करता आलं तर नक्की करा, कारण अर्ध्या लोकांना ते पान दिसतच नाही आणि ते म्हणत बसतात नेट चालत नाहीये.

वायफायवर सगळी भिस्त ठेवू नका हेही सांगते. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले तीन जण हॉलभर फिरवा, कुठल्या कोपऱ्यात रेंज जाते ते कागदावर काढा आणि वस्तूंची टेबलं त्या कोपऱ्यात मांडू नका. आमच्याकडे सगळ्यात भारी वस्तू, एक मोठं पेंटिंग, नेमकं अशा भिंतीला टेकवलं होतं जिथे एक काडीसुद्धा येत नव्हती.

क्यूआर कोडचं पण तसंच, वाटतं सोपं पण चुकतं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने हा कोड काढला तो मोटारीच्या पार्ट्सची नोंद ठेवायला, त्यामुळे तो मळला फाटला तरी वाचता यावा अशी सोय त्यात मुळातच आहे, सगळ्यात वरच्या लेव्हलला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. पण अंधार आणि चकाकी याला तो काय करणार? आम्ही हौसेने कार्डं लॅमिनेट केली, वरून पिवळे दिवे, आणि कॅमेऱ्यात नुसता पांढरा ठिपका. लोक कार्ड उचलून तिरकं करून बघतायत, कुणी दुसऱ्याच्या फोनचा टॉर्च मारतंय, त्याने अजूनच चकाकतंय. तेव्हापासून साधा मॅट कागद. साइझचा ठोकताळा असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचंय त्याच्या दहाव्या भागाइतकी कोडची रुंदी हवी, म्हणजे एक मीटरवरून हवा असेल तर १० सेंटीमीटर. आणि डिझायनर कितीही मागे लागला तरी काळ्यावर पांढरा कोड करू नका. प्रत्येक वस्तूचा कोड थेट त्याच वस्तूच्या पानावर गेला पाहिजे, होम पेजवर नाही, नाहीतर माणूस पंचावन्न वस्तूंच्या यादीत खाली खाली जात राहतो आणि मग कंटाळून फोन खिशात.

पंचावन्न वरून आठवलं. वस्तू कमी ठेवा. देणारा प्रेमाने देतो, नाही म्हणता येत नाही, मला सगळं मान्य आहे, पण एकेका वस्तूवर दोनतीन जण भिडले तर लिलाव, नाहीतर तो सेल. आमचा आता नियम आहे, बोली लावू शकतील अशा दर दोन माणसांमागे जास्तीत जास्त एक वस्तू, आणि घरातून एक जोडपं आलं तर ते एकच धरायचं कारण नवराबायको एकमेकांविरुद्ध बोली लावत नाहीत (एकदा लावली होती, चुकून, दोघांनाही माहीत नव्हतं, फार हसलो होतो). लहान लहान वस्तू आल्या तर एकत्र करून एक छान टोपली करायची.

सुरुवातीची बोली बाजारभावाच्या ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात आणि पुढची प्रत्येक उडी साधारण १० टक्क्यांची. उडी फार छोटी ठेवली की दोन माणसं एकमेकांवर चिल्लर फेकत बसतात, मेसेजवर मेसेज, आणि थोड्या वेळाने दोघंही नोटिफिकेशन बंद करून टाकतात. मग पुढे काय, बोली वाढली तरी त्यांना पत्ताच नाही. फार मोठी ठेवली की तिसऱ्यांदा माणूस सोडून देतो.

कमाल बोलीचं बटण बहुतेक सगळ्या सिस्टिममध्ये असतं आणि ते लोकांना समजावून सांगायला लागतंच. तुम्ही सांगायचं की मी जास्तीत जास्त इतक्यापर्यंत जाईन, मग सिस्टिम तुमच्या वतीने गरजेपुरतीच वाढवत जाते, दुसऱ्याच्या एक पायरी वर, बस. पण लोकांना वाटतं मी टाकलेली पूर्ण रक्कमच जाणार. मी एका बाईंना म्हटलं, "काकू, तुम्ही बाजारात भाजीवालीशी घासाघीस करायला भाच्याला पाठवलंत आणि कानात सांगितलंत की एवढ्यापर्यंत जा, तर तो जाऊन पहिल्यांदाच तेवढे देऊन येईल का?" त्या म्हणाल्या, "आमचा भाचा देऊन येईल." पण समजलं त्यांना. यातली मूळ कल्पना, म्हणजे सगळ्यात वरच्या बोलीवाल्याने दुसऱ्या नंबरच्या बोलीइतकेच द्यायचे, याचा नीट हिशेब विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये मांडला होता आणि १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आडनाव विक्री आणि काम लिलावाचं, मराठी माणसाला याहून काय हवं.

बोलीतला एक शून्य जास्त पडणं हा प्रकार होणारच, घाबरायचं नाही. फक्त आधी ठरवून ठेवा की चुकीची बोली कोण काढणार. एकच माणूस, दोन नाहीत. आमच्याकडे दोघांना अधिकार होता, दोघांनी एकाच वेळी काढली, म्हणजे एकाने चुकीची काढली आणि दुसऱ्याने त्याच्या खालची बरोबर असलेली. मग ज्यांची गेली त्यांना शोधत फिरलो हॉलभर.

आता या सगळ्यात ज्यांच्याकडे तसा फोन नाही किंवा आहे पण वापरायचा नाहीये अशी माणसं असतातच, आणि माझ्या अनुभवात सढळ हाताने देणारी बरीचशी तीच असतात. त्यांच्यासाठी टॅब घेऊन फिरणारे दोन व्हॉलंटियर ठेवायचे. गेल्या वेळी एक आजोबा होते, चष्मा घरी राहिलेला, एका जुन्या टेबलघड्याळासमोर उभे. मी गेले, म्हटलं, "आजोबा, मी लावू का तुमची बोली?" ते म्हणाले, "लाव, पण आकडा मोठ्याने बोलू नकोस." मग त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने आकडा लिहिला. एकेक अंक, सावकाश, आणि प्रत्येक अंकानंतर माझ्याकडे बघायचे, कळला का म्हणून. एवढा सायलेंट लिलाव मी आजवर पाहिला नाही. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात नावं दाखवायची सोय असते ना, ती त्या दिवसापासून मी बंद करून टाकली, आता फक्त नंबर दिसतो. कुणाला नाव मिरवायचं असेल तर ते स्वतः मिरवतात, त्यांना आपली मदत लागत नाही.

शेवट. यावर माझी मतं जरा ठाम आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही सव्वानऊला ठोक लिलाव बंद केला. नऊ चौदापर्यंत शांतता आणि शेवटच्या मिनिटात सगळे तुटून पडले, एकाची बोली सिस्टिममध्ये गेली, दुसऱ्याच्या फोनवर ते गोल गोल फिरत राहिलं आणि वेळ संपली. तो माणूस फोन नाचवत माझ्यासमोर, "हे बघा, मी दाबलं होतं!" आणि खरंच दाबलं होतं त्याने. काय सांगणार? हे काही आमच्याकडेच होतं असं नाही, ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ईबे आणि ॲमेझॉन या दोन वेबसाइटवरच्या लिलावांची तुलना केली होती. ईबेवर वेळ पक्की असायची, ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पुढे सरकायची, आणि शेवटच्या क्षणी झडप घालायचा प्रकार ईबेवर कितीतरी जास्त दिसला. म्हणून आता आम्ही वेळ वाढणारा पर्याय घेतो, शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली तर फक्त त्या वस्तूची वेळ दोन मिनिटांनी वाढते. नेट हळू असलेल्याला पण संधी मिळते आणि "मी दाबलं होतं" म्हणणारा उरत नाही. हां, दोन हट्टी माणसं भेटली तर एखादी वस्तू अर्धा तास चालते, ते आपल्या फायद्याचंच आहे की.

सगळ्या वस्तू एकदम बंद करू नका. तीन गट करा, दहा दहा मिनिटांनी बंद करा. पहिल्या गटात हरलेली माणसं दुसऱ्या गटाकडे वळतात, हात रिकामे असतात ना त्यांचे. आणि भाषण चालू असताना बंद करू नका, म्हणजे कुणाच्याही भाषणात, मग ते अध्यक्ष असोत की आणखी कुणी, कारण सगळा हॉल मान खाली घालून फोनमध्ये बघतो आणि बोलणाऱ्या माणसाला वाटतं आपलं काय चुकलं.

कार्यक्रम संपायच्या निदान पाऊण तास आधी लिलाव संपलाच पाहिजे. हा पाऊण तास वस्तू द्यायचा. पैसे भरायची माहिती आधीच घेतलेली असल्यामुळे काउंटरवर हिशेब करावा लागत नाही, जिंकलेल्याला मेसेज जातो, पैसे कापले जातात, पावती ईमेलवर. माणूस येतो, नंबर दाखवतो, मागे मांडणीत वस्तू नंबराच्या क्रमाने लावलेल्या असतात, एक जण आणायला पळतो, एक जण फोनवरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव जुळवतो, सही, संपलं. वस्तूच्या नावाप्रमाणे लावू नका, आम्ही लावल्या होत्या, तीन टोपल्यांची नावं "गिफ्ट टोपली" होती.

आणि दर पंधरा मिनिटांनी सगळ्या बोलींची यादी डाउनलोड करून एका लॅपटॉपवर ठेवायची, यासाठी एक माणूस नेमायचा ज्याला दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही. अजून ती यादी कधी लागली नाहीये. तो माणूस दरवेळी म्हणतो मला बोअर होतं. होऊ दे.

टेबलघड्याळ आजोबांनाच मिळालं. शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी वर गेलं होतं, मी टॅब घेऊन त्यांना शोधत गेले, त्यांनी परत माझा हात पुढे ओढला आणि लिहिलं. न्यायला मात्र ते थांबलेच नाहीत, गाडी आली म्हणून निघून गेले, फोनवर म्हणतात पुढच्या आठवड्यात येतो. दोन महिने झाले. घड्याळ माझ्या घरी आहे, दर तासाला ठोके देतं, आणि सात मिनिटं पुढे आहे.